चाळीस हजारांतलं वैराग्य

मुळशी तालुक्यात सध्या दोन प्रकारचे साधू आढळतात. पहिले ताम्हिणीच्या वाटेवर कुठल्यातरी फार्महाऊसात मौनाची शिबिरं घेतात. तिथं गप्प बसायचे पैसे लागतात. दुसरे हिंजवडीत राहतात, महिन्याला चाळीस हजारांत भागवतात आणि ते सांगायचे पैसे घेत नाहीत. पहिल्यांशी माझं भांडण नाही. शिबिरात आपण लुटले गेलो हे दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यालाच कळतं. दुसऱ्यांचा उपदेश फुकट असतो, त्यामुळे परत करायचीही सोय नाही.

"मी तर चाळीसमध्ये सगळं बसवतो." या वाक्याला एक अभिनय आहे. चहाचा कप टपरीच्या फळीवर ठेवायचा, खांदा उडवायचा, ‘तर’वर किंचित रेंगाळायचं. आपण मागितलेला नसतानाही मोबाईल पुढे येतो. त्यात एक्सेलचा तक्ता: भाडं, किराणा, पेट्रोल, जिम, बाहेरचं खाणं, एसआयपी. भाड्याला लाल रंग, एसआयपीला हिरवा. लगेच दुसरा आपला तक्ता काढतो. तिसरा दोन्हींवरून बोट फिरवत म्हणतो, "वायफायला साडेसातशे? अरे, मी पाचशे भरतो," आणि अडीचशे रुपयांनी जिंकतो. पूर्वी पत्रिका जुळवताना घरात जी गंभीर शांतता पसरायची, ती आता या टपरीवर पसरते.

मी पिरंगुटला लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतो. धंदा रुक्ष आहे, पण त्यात एक सुख आहे: माणसाचा तक्ता आणि त्याच माणसाचं बँक स्टेटमेंट, दोन्ही एका टेबलावर बघायला मिळतात. बहुतेक वेळा या दोघांची आपसांत ओळख नसते. तक्त्यात ‘बाहेरचं खाणं १,५००’ असतं आणि स्टेटमेंटात रात्री साडेअकराच्या बिर्याणीची रांग लागलेली असते. तक्त्यात क्रेडिट कार्ड नसतंच. स्टेटमेंटात त्याचा ‘मिनिमम ड्यू’ दर महिन्याला नेमानं जातो, एकादशी पाळावी तसा. आता हिशेब ठेवू नका असं मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर माझंच शटर पडेल. हिशेब ठेवावा. पण हिशेब ठेवणं वेगळं आणि हिशेबाची आरती ओवाळून ताट लोकांपुढे फिरवणं वेगळं.

या तक्त्यातला खलनायक ठरलेला आहे: चहा. काही ठिकाणी कॉफी, पण मुळशीच्या हवेत चहाच. अमेरिकेतल्या कुणा डेव्हिड बाख यांनी ‘लाटे फॅक्टर’ म्हणून एक सिद्धान्त मांडला, की रोजची महागडी कॉफी सोडली तर माणूस धनाढ्य होतो. ऑस्ट्रेलियातल्या टिम गर्नर नावाच्या कोट्यधीश बिल्डरानं २०१७ साली तरुणांना घरं का घेता येत नाहीत याचं कारण शोधलं, ते निघालं टोस्टवर लावलेलं अव्होकाडो. बिल्डरानं शोधलेलं कारण बिल्डर सोडून काहीही निघणार, हे सांगायला मी कशाला हवा? आमच्याकडे अव्होकाडो परवडत नाही, म्हणून पाप चहाच्या माथी आलं.

हिशेब करूच. टपरीवरचा चहा पंधरा रुपये, दिवसाला दोन, महिन्याला नऊशे, वर्षाला दहा हजार आठशे. हिंजवडीतला बरा फ्लॅट ऐंशी लाखांना धरा. (नुसता धरा. विचारायला जाऊ नका, घेरी येईल.) चहा सोडून त्या पैशांत तो फ्लॅट घ्यायला ७४० वर्षं लागतात. म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादवाचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी अजून सांगायची होती, तेव्हापासून तुमच्या घराण्यानं चहा सोडायला हवा होता. बरं, सोडलेलाच होता की! पुढची कित्येक शतकं चहा इथं आलाच नव्हता. इतकी निर्व्यसनी पिढ्यान्पिढ्यांची तपश्चर्या. मग फ्लॅट कुठंय?

इथं बजेटवीर हात वर करतो. "तुम्ही कंपाउंडिंग धरलंच नाही." धरू या. नऊशेची एसआयपी, बारा टक्के परतावा. ते बारा टक्के उच्चारताना याचा चेहरा असा शांत होतो की बाजारानं त्याला स्टँपपेपरवर लिहून दिलं असावं. या दरानं ऐंशी लाख जमायला सुमारे अडतीस वर्षं. उत्तम. पण या अडतीस वर्षांत हा राहणार कुठं? भाड्यानं. आणि अ‍ॅग्रीमेंटात दर नूतनीकरणाला दहा टक्के वाढ छापलेली असते. वाढ वर्षातून एकदाच धरली, तरी आजचं बावीस हजारांचं भाडं अडतिसाव्या वर्षी साडेसात लाखांच्या घरात जातं. महिन्याला. तोवर फ्लॅट ऐंशी लाखांतच बसून राहील असं समजणाऱ्याला तर मी चहा पाजायला तयार आहे. कंपाउंडिंग घरमालकालाही येतं, ही बाब अर्थसाक्षरतेच्या पाठांत राहून गेलेली दिसते.

त्या तक्त्यातल्या भाड्याच्या ओळीवर कुणी चर्चा करत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? वायफायवर वाद, जिमवर टोमणे, शॅम्पूच्या बाटलीवर परिसंवाद. आणि पगारातला सर्वांत मोठा घास जी ओळ घेते तिच्याबद्दल "एरियाच तसा आहे" एवढं म्हणून पुढे. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, दोन-तीन भाड्यांचं डिपॉझिट, एक भाडं ब्रोकरला, सोडताना रंगाचे पैसे कापून. हे डिपॉझिट कुठल्याही तक्त्यात मला आजवर दिसलेलं नाही. साठ-सत्तर हजार रुपये बिनव्याजी दुसऱ्याच्या घशात पडलेले असतात, आणि हा गडी बचत खात्यावरचं व्याज पाव टक्क्यानं कुठं जास्त मिळतं याचा शोध घेत असतो. मेट्रोची तर आणखीच मजा. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरात झालं. त्यावरून पहिली गाडी धावायच्या कितीतरी आधी ‘मेट्रोजवळ’ या एका शब्दाचं भाडं मात्र सुरू झालं. न धावलेल्या गाडीचं तिकीट भरणारी ही जगातली पहिलीच पिढी असावी.

आता या क्षेत्रातल्या परमहंसांकडे वळू. त्यांच्या तक्त्यात भाडं शून्य. किराणा शून्य. वीज शून्य. हे कोथरूडला किंवा बावधनला आईवडिलांच्या घरी राहतात, पगाराच्या सत्तर टक्के बचत करतात आणि लातूर-नांदेडहून आलेल्या पोरांना शिस्त शिकवतात. "मला कळत नाही, तुम्हाला खर्च होतो तरी कुठं?" अरे बाबा, तुझा जिथं होत नाही तिथं होतो! सकाळी उठायच्या आत भरलेला डबा, धुतलेले कपडे, कंपनीच्या बसपर्यंत वडिलांच्या स्कूटरवरून स्वारी. आई ही तक्त्यातली ओळ नाही, कारण तिचं बिल येत नाही. आलं असतं तर सत्तर टक्क्यांचे किती उरले असते, हे एकदा त्या माउलीलाच विचारून बघा. ती सांगणार नाही. हसेल आणि पोळी वाढेल.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. हाच परमहंस जानेवारीत माझ्याकडे यायचा तेव्हा त्याच्या हातात भाड्याच्या पावत्या असायच्या. भाडेकरू: चिरंजीव. घरमालक: तीर्थरूप. दरमहा ८,३३३ रुपये. आठ हजार तीनशे तेहतीसच का? कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,३३३ला बारानं गुणलं की ९९,९९६ होतात. महाराष्ट्रात मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत वर्षानुवर्षं न वाढलेलं हे एकमेव भाडं! टपरीवर ‘माझं भाडं शून्य’ आणि कंपनीच्या पोर्टलवर ‘मी भाड्यानं गांजलोय’. अद्वैत आणि द्वैत एकाच देहात, तेही एकाच आर्थिक वर्षात. मग २०२५च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीनं बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख. नव्या प्रणालीत घरभाड्याची सवलत नाही आणि या मंडळींना आता तिची गरजही नाही. त्या वर्षी पावत्या आल्याच नाहीत. मी विचारलं, "वडिलांनी घराबाहेर काढलं काय रे?" म्हणाला, "नाही सर, भाडं माफ केलं."

आता सूत्राकडे येऊ. सूत्राशिवाय आमच्याकडे काही शिजत नाही. हल्लीचं सूत्र आहे ५०-३०-२०: निम्मा पगार गरजांना, तीस टक्के इच्छांना, वीस टक्के बचतीला. हे तरुणांच्या तोंडी इतकं बसलंय की शेवटी ‘स्वाहा’ म्हणतील अशी भीती वाटते. सूत्र आलं कुठून? एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरेन त्यागी यांच्या २००५च्या पुस्तकातून. या वॉरेनबाई तेव्हा हार्वर्डला दिवाळखोरीचा कायदा शिकवत होत्या. पुढे अमेरिकेच्या सिनेटर झाल्या. दोघी मायलेकींनी त्याआधी २००३ साली आणखी एक पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात दाखवलं होतं की मध्यमवर्गीय कुटुंबं चैनीपायी बुडत नाहीत. चांगल्या शाळेजवळचं घर, आरोग्याचा विमा, असल्या ठरलेल्या, टाळता न येणाऱ्या खर्चांपायी बुडतात. म्हणजे जिनं सांगितलं की कॉफीच्या कपात कारण शोधू नका, तिच्याच सूत्राची फूटपट्टी करून आमचे वीर चहाचा कप मोजतात. बाईंनी ही मंडळी बघितली तर कपाळावर हात मारून घेतील.

तरी सूत्र लावून बघू. २०२४च्या ऑगस्टमध्ये एका बड्या आयटी कंपनीची फ्रेशरसाठीची जाहिरात गाजली: वर्षाला २ लाख ५२ हजार. लोक खवळले तेव्हा खुलासा आला, की हे इंजिनिअरांसाठी नाही, तीन वर्षांची साधी पदवी घेतलेल्यांसाठी आहे. इंजिनिअरांचा जीव भांड्यात पडला. साध्या पदवीवाल्यांचा कुठं पडला, याचा खुलासा आला नाही. महिन्याला एकवीस हजार, आणि हे सीटीसीच्या भाषेत. त्यातून पीएफ जाणार, कंपनीच्या वाट्याचा पीएफही बहुधा त्यातच मोजलेला असणार, व्यवसाय कराचे दोनशे जाणार. (फेब्रुवारीत तीनशे. अठ्ठावीस दिवसांचा महिना, पगार तोच आणि कर शंभरानं जास्त! हा विनोद सरकारला सुचला असेल असं वाटत नाही, आपोआप झाला असावा.) हातात अठरा-एकोणीस हजार. निम्मे, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार, गरजांना. त्यात कॉट बेसिसवर एक खाट आणि मेसचं जेवण जेमतेम बसतं. मग बस? पीएमपीचा दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला महिन्याचा पास २०२५च्या जूनमध्ये नऊशेवरून एकदम पंधराशे झाला. मोबाईल? औषधं? घरी पाठवायचे? हे सगळं ‘इच्छा’ या सदरात टाकायचं. दाढ दुखायला लागली की ती इच्छा समजायची आणि मनोनिग्रहानं जिंकायची.

हे सारे खर्च दाखवतात आणि पगार झाकतात, ही या तुलनेची सगळ्यात सुंदर गाठ आहे. जिमचे बाराशे सांगतील, केस कापायचे दोनशे सांगतील, अंतर्वस्त्रांचं वार्षिक बजेट सांगतील. हातात किती येतात विचारलं की एकदम सोवळं नेसतात. "ते कॉन्फिडेन्शिअल असतं सर, ऑफर लेटरमध्येच लिहिलंय." लिहिलेलं असणारच. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला त्याच कामाचे सात हजार जास्त मिळतात हे कळलं तर तुम्ही उद्या एचआरच्या दारात उभे राहाल. चहाचे पैसे एकमेकांना सांगून फार तर टपरीवाल्याचं नुकसान होईल. पगार एकमेकांना सांगितला तर ज्याचं नुकसान होईल त्याच्याकडे वकील आहेत. मग तरुणांनी कशाची तुलना करावी असं वाटतं तुम्हाला? अगदी बरोबर. वायफायची.

टक्केवारीच्या या उत्सवात काही सरकारी आकडेही शिंपडावेत म्हणतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी सरासरी मासिक खर्च निघाला ६,९९६ रुपये. ग्रामीण भागात ४,१२२. सरासरी आहे, तीत श्रीमंतही धरलेले. घरभाड्याचा, महानगराचा, एकट्या माणसाचा सगळा फरक वजा केला तरी चाळीस हजारांतलं वैराग्य या आकड्याशेजारी बसवून बघा. याला अपरिग्रह म्हणायचं तर पौडच्या आठवडे बाजारात पंधरा रुपयांची मेथीची जुडी दहाला मागणाऱ्या म्हातारीला काय म्हणायचं? तिला कुणी ‘मिनिमलिस्ट’ म्हणत नाही. ती फक्त गरीब आहे. मिनिमलिस्ट व्हायला आधी बऱ्यापैकी सामान लागतं.

आणि माझ्या दुकानाखालून दिवसातून दोनदा जी पोरं जातात त्यांचं काय? पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांतले कंत्राटी हेल्पर आणि ट्रेनी. पाठीला सॅक, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, कारण दुसरे बूट नाहीत. बारा तासांची पाळी धरून हातात सोळा-सतरा हजार येतात. एका खोलीत चौघं. दोघं दिवसपाळी, दोघं रातपाळी, म्हणजे गादी कधी थंड पडत नाही. पीएफचं विड्रॉल अडलं की ही पोरं माझ्याकडे येतात, म्हणून त्यांचाही हिशेब मला ठाऊक आहे. तो एक्सेलमध्ये नसतो. एकानं मला मोबाईलच्या कव्हरमागे घडी घालून ठेवलेला कागद दाखवला. सॅलरी स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं: खोली २०००, मेस ३२००, गावाकडे ७०००, सोसायटी १५००, मोबाईल, साबण. ‘सोसायटी’ म्हणजे बंगला नव्हे. बापानं विकास सोसायटीतून काढलेलं पीककर्ज. पोरानं ते फेडायला दर महिन्याला बाजूला काढून ठेवायचं.

आता ५०-३०-२०च्या परीक्षकाकडे हा कागद पाठवा. निकाल येईल: बचत शून्य, एसआयपी शून्य, आपत्कालीन निधी शून्य, उमेदवार बेशिस्त. मिळकतीच्या निम्म्याहून जास्त पैसा बापाच्या कर्जाला आणि घराला देणारा पोरगा बेशिस्त. आणि बापाला कागदावर भाडं देणारा शिस्तीचा पुतळा. हिलाच आपण अर्थसाक्षरता म्हणतो ना? मग तो पोरगा निरक्षर राहिलेलाच बरा.

असल्या तुलनेचा शहाणा नमुना आमच्याच भागात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे, म्हणून जास्त चीड येते. डॉ. हॅरॉल्ड मॅन नावाचे इंग्रज गृहस्थ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी एक गाव धरलं आणि घरागणिक मिळकत किती, जमीन किती, खर्च किती, कर्ज किती हे खणून काढलं. १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं. गाव कोणतं? पिंपळे सौदागर. होय, तेच! हिंजवडीला नोकरी करणारी अर्धी जनता जिथं टॉवरात राहते आणि रविवारी मॉलमध्ये पार्किंग शोधते, तेच. तेव्हा तिथले लोक शेतीवर भागेना म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जायचे. मॅनसाहेबांनी आधी गावातल्या माणसाला जगायला निदान किती लागतं ते काढलं, मग घरामागून घर त्या मापाला लावलं आणि लिहिलं, की बहुसंख्य घरं तोट्यात आहेत. तमाखूवर प्रवचन झोडून ते परतले नाहीत. जमिनीचे तुकडे किती झाले आणि सावकाराचं व्याज किती, हे त्यांनी मोजलं.

त्याच गावात आज मॅनसाहेबांना परत पाठवलं तर ते पहिल्या दिवशी विचारतील, हप्ता किती आणि अजून किती वर्षं? आमचे वीर विचारतात, नेटफ्लिक्स कुणाच्या अकाउंटवर बघतोस?

आणखी एक ओळ राहिली: मेंटेनन्स. तीन हजार, चार हजार; उन्हाळ्यात वर ‘टँकर चार्जेस’. हिंजवडी, सूस, म्हाळुंगे, बावधन इकडच्या किती सोसायट्या टँकरवर जगतात ते त्या रस्त्यानं सकाळी आठ वाजता जाणाऱ्याला सांगायला नको; पुढे टँकर, मागे टँकर, मध्ये आपण. आता मुळशी तालुक्यानं पाणी विकत घ्यावं हा विनोद समजून घ्यायला थोडं पश्चिमेला जावं लागतं. तिथं टाटांचं मुळशी धरण आहे. १९२१च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या साथीनं मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. कसणारे लढले, तुरुंगात गेले. अनेक जमिनी मात्र पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, आणि सावकार शेवटी मोबदल्यावर राजी झाले. धरण झालं. त्याचं पाणी बोगद्यातून घाट उतरून भिऱ्याला जातं, तिथं वीज होते, वीज मुंबईला जाते आणि पाणी कुंडलिकेतून कोकणात. गावं इथली बुडाली, दिवे तिकडे लागले, आणि शंभर वर्षांनी त्याच तालुक्यातला पोरगा तक्त्यात ‘टँकर ४००’ लिहून म्हणतो, "हे कमी करता येईल का बघतो. अंघोळ एक दिवसाआड केली तर?" कर बाबा. सेनापतींचं राहिलेलं कार्य तुझ्या हातून पुरं होवो.

या सगळ्या तक्त्यांत ज्याचं नाव ‘भाडं’ या ओळीत दडलेलं असतं, तो माझाच अशील आहे. माणचे आमचे अण्णा. जमीन विकून गाड्या उडवणाऱ्यांवर प्रवीण तरडे यांनी २०१८ला ‘मुळशी पॅटर्न’ काढला. जमीन न विकता तिच्यावर खोल्या चढवणाऱ्यांवर कुणी सिनेमा काढणार नाही, त्यात हाणामारी नाही. अण्णांनी भाताच्या खाचरात चार मजले उभे केले. त्यांचा हिशेब पतसंस्थेच्या फुकट मिळालेल्या डायरीत असतो: खोली नंबर, नाव, तारीख, रक्कम, आणि उशीर करणाऱ्याच्या नावापुढे एक फुली. रंग नाहीत, टक्के नाहीत. माणूस सज्जन आहे. दिवाळीला प्रत्येक खोलीत फराळ देतो आणि जूनमध्ये भाडं वाढवतो.

परवा रिटर्नसाठी आले तेव्हा मी विचारलं, "अण्णा, यंदा वाढ कितीची?"

"तीन हजार."

"एकदम तीन? पोरं पळतील की."

"नाय पळत." अण्णांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. त्यांच्या पुतण्यानं बिल्डिंगमधल्या पोरांचे तक्ते मिळवून पाठवले होते. पोरं स्वतःच तर एकमेकांना दाखवत फिरतात, मिळवायला कष्ट कसले? भाडं लाल, एसआयपी हिरवी. अण्णांचं बोट हिरव्या ओळींवरून हळूहळू खाली सरकत गेलं.

"ह्यो बघ, आठ हजार टाकतोय. ह्यो सहा. ह्या पोरीचे दहा. सगळ्यांपाशी उरत्यात की! मी तीनच मागतोय. उगं जास्ती ताणायचं नाय." आणि मग डायरी उघडून, माझंच पेन घेऊन, त्यांनी जूनपासूनचे नवे आकडे खोलीवार लिहायला घेतले.